शिबिराचा शिधा रात्री कुठे ठेवणार? निसर्ग शिबिरं भरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मेळघाट, ज्ञानगंगा, नवेगाव-नागझिरा आणि विदर्भातल्या इतर जंगलांच्या कडेला निसर्ग शिबिरं, ट्रेक आणि तंबूतले मुक्काम भरवणाऱ्या संस्था, शाळा, महाविद्यालयं, रिसॉर्टचालक
आणि त्यांना परवानगी देणारे वनाधिकारी

विषय : शिबिरातलं अन्न अस्वलापासून सुरक्षित ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

चिखलदऱ्याच्या उतारावरच्या एका गावात आमचा महिला बचत गट आहे. शिबिरांचा स्वयंपाक हे आमचं हिवाळ्यातलं मुख्य काम. दिवाळी उलटली की फोन सुरू होतात. लेकरं किती, रात्री किती, नाश्त्याला पोहे की उपमा, आणि एका रात्री रोडगे-वांग्याची भाजी पाहिजेच. दर ठरतो. भांडी कुणाची, गॅस कुणाचा, लाकडं कोण आणणार, सगळं ठरतं. सगळे झोपल्यावर हा शिधा कुठे राहील, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्ही विचारलं तर पलीकडून उत्तर येतं, "ते तिथं आल्यावर बघू." म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

तिथं आल्यावर काय होतं ते सांगते. तंबू ठोकेपर्यंत दुपार जाते. पोती, तेलाचे डबे, कांदे-बटाट्याची गोणी, केळीचे घड, संत्र्याची पेटी, सगळं ताडपत्रीच्या एका छपराखाली येऊन पडतं. छपराला भिंत नसते. बहुतेक वेळा ते मुलींच्या तंबूंना लागून असतं, कारण विजेची वायर तिथपर्यंतच पोचलेली असते. रात्री गुळाच्या भेलीवर पोतं टाकतात, तेलाच्या डब्यावर परात झाकतात, झालं. आणि जे खरं धोक्याचं, ते आमच्या ताब्यात नसतंच. लेकरांच्या बॅगांमध्ये आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू असतात, चिवडा असतो, बिस्किटांचे पुडे असतात, आणि ते सगळं उशाशी घेऊन लेकरं झोपतात.

तुमच्या सूचनापत्रात वाघ असतो, बिबट्या असतो. रात्री एकटं बाहेर पडू नका, मोठ्यानं बोलू नका, हे सगळं असतं आणि ते बरोबरच आहे. पण वाघाला तुमच्या तुरीच्या डाळीचं काही पडलेलं नाही. या जंगलात तुमच्या स्वयंपाकघराकडे वासावर चालत येईल असं मोठं जनावर म्हणजे अस्वल, आणि सूचनापत्रात त्याचं नाव सापडत नाही.

आपलं अस्वल वाळवी आणि मुंग्या खाणारं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि तो फुर्रफुर्र आवाज शांत रात्री शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. डोळे आणि कान तितके तेज नाहीत, नाक मात्र असं की जमिनीखालची वाळवी हुंगून काढावी. वाळवीशिवाय त्याला गोड लागतं. बोरं, टेंभरं, जांभळं, उंबरं, मध, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं. मोहाच्या दिवसांत आमच्या बाया पहाटे फुलं वेचायला जातात तेव्हा एकटीदुकटी जात नाही. वाटेनं बोलत, आवाज करत जायचं, झाडाखाली आधी लांबून पाहायचं, मग टोपली ठेवायची. अस्वल आणि आम्ही एकाच झाडाखाली येतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तुमच्या शिबिरातल्या लेकरांना ते माहीत असण्याचं कारण नाही, पण तुम्हाला असायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच शहरी पाहुण्यांच्या डोक्यात चुकीची बसलेली असते. थंडीत अस्वल झोपलेलं असतं, असं ते समजतात. थंड देशांतली अस्वलं हिवाळाभर गुहेत पडून राहतात, ते खरं. आपलं अस्वल तसं झोपत नाही. डिसेंबर-जानेवारीत ते रात्रभर फिरतं. याच दिवसांत बहुतेक माद्या कपारीत वितात आणि दोन-तीन महिन्यांनी पिल्लांना पाठीवर घेऊन बाहेर पडतात. म्हणजे तुमच्या शिबिरांचा हंगाम आणि पिल्लं घेऊन फिरणाऱ्या माद्यांचा हंगाम एकमेकांना येऊन मिळतो. पिल्लाजवळ अचानक माणूस आला तर ती पळून जाण्याचा विचार करत नाही. अस्वलाचा हल्ला बहुतेक डोक्यावर आणि चेहऱ्यावर येतो. आमच्या भागातल्या कास्तकारांना, गुराख्यांना हे सांगावं लागत नाही. गावागावांत असा एखादा माणूस असतो, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं की कळतं.

मागच्या काही वर्षांत एका शिबिराच्या उठण्याच्या सकाळी आम्ही जे पाहिलं ते लिहिते. शिबिर कुणाचं होतं ते लिहिणार नाही, कारण तसं कुणाचंही असू शकलं असतं. रात्री उशिरा रोडगे झाले होते. साजूक तूप वाढून उरलं होतं, राखेत तुकडे पडले होते, परातीत वांग्याची भाजी तशीच होती. सकाळी छपराशी गेलो तर पंधरा किलोचा तेलाचा डबा आडवा, त्याला चार ठिकाणी दातांची भोकं, आणि तेल मातीत मुरून पाऊलभर चिखल झालेला. त्या चिखलात पावलं उमटली होती. मागचं पाऊल माणसाच्या पावलासारखंच दिसतं, फक्त रुंद, आणि बोटांच्या पुढं नखांच्या लांब रेघा. गुळाचं पोतं ओढून ओढ्याच्या काठापर्यंत नेलं होतं. तिथं रिकामं पोतं होतं, गुळाचा कणसुद्धा नव्हता. मुलींचा जवळचा तंबू त्या ओढल्याच्या खुणेपासून दहा-बारा पावलांवर होता. तंबूतल्या कुणालाही जाग आली नव्हती, हे त्यांचं नशीब. एखादी पोरगी रात्री टॉर्च घेऊन संडासला निघाली असती तर वाट त्या छपराजवळूनच जात होती.

आयोजकांनी फोटो काढले. लेकरांना पावलं दाखवली, माहिती सांगितली, सगळे खूश होते. दुपारी बस निघून गेली.

आमच्यासाठी गोष्ट तिथं सुरू झाली. त्यानंतरच्या रात्री ते अस्वल पुन्हा त्या जागेवर आलं, मग त्याच्या पुढच्या खेपेला गावाच्या कडेला आलं. आमच्यातल्या कितीतरी घरांच्या भिंती अजून कुडाच्या आहेत, म्हणजे बांबूच्या काड्या विणून वरून माती-शेण लिंपलेल्या. जी नखं वारूळ फोडतात त्यांच्यापुढं कूड किती टिकणार? घरात काय असतं? तेल, गूळ, वाळवून ठेवलेली मोहाची फुलं, कोपऱ्यात शेळी, अंगणात खाटेवर म्हातारं माणूस. अंगणवाडीत डाळ-तांदूळ असतो, शाळेत पोषण आहाराचा शिधा असतो. त्या हंगामात आमच्या वस्तीत संध्याकाळी सात वाजता दारं लागायची. गहू ओलायला रात्रीच वीज मिळते, तरी वावरात एकटा कुणी जायचा नाही. ओलीत राहून गेलं त्याची भरपाई कुठल्या अर्जात लिहायची, हे कुणी सांगू शकलं नाही.

तुमचं शिबिर तीन दिवसांत उठतं. तुमच्या शिध्याची चव लागलेलं अस्वल इथंच राहतं, आणि त्याच्याबरोबर आम्हीही.

अस्वलाचंही यात भलं होत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पण जे अस्वल माणसाच्या अन्नाला सोकावलं, वस्तीत येऊ लागलं, त्याच्या मागं आधी फटाके लागतात, मग जमाव, मग पिंजरा. जमावाच्या हातात काठ्या-कुऱ्हाडी असतात आणि घाबरलेलं अस्वल कुणावर तरी येतंच. नंतर वर्तमानपत्रात बातमी येते की अस्वलाचा हल्ला झाला. गुळाच्या पोत्याची बातमी कुठेच येत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९८ साली काळी अस्वलं माणसाच्या अन्नामागं येऊन नुकसान करण्याच्या घटना दीड हजारांवर गेल्या होत्या. तिथली अस्वलं गाड्यांच्या दारांच्या चौकटी वाकवून आत शिरायला शिकली होती, आतला खाऊ काढायला. त्यांनी अस्वलांना दोष देत बसण्यापेक्षा अन्नाचा बंदोबस्त केला. मुक्कामाच्या जागांवर पोलादी कपाटं बसवली, त्यांची कडी अशी की माणसाची बोटं आत जातात आणि अस्वलाचा पंजा जात नाही. डोंगरात पायी मुक्कामाला जाणाऱ्यांना अस्वलाला फुटणार नाही असा डबा बाळगणं सक्तीचं केलं. रात्री गाडीत अन्न ठेवायला बंदी घातली. घटना कित्येक पटींनी कमी झाल्या. त्याआधी त्याच देशात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लोक उघड्या कचऱ्यावर जेवणारी अस्वलं बघायला गर्दी करायचे. ते कचऱ्याचे ढीग १९७० च्या सुमारास बंद करावे लागले.

जवळचं उदाहरण पाहिजे तर छत्तीसगडात जा. महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळ घुंचापालीच्या चंडी मंदिरात अस्वलं प्रसादाला येतात, लोक त्यांना हातानं खाऊ घालतात आणि व्हिडिओ करतात. राजस्थानात माउंट अबूला अस्वलं गावातल्या कचऱ्यावर येतात. श्रद्धा आपल्या जागी, पण जनावर माणसाच्या हाताकडे खाणं म्हणून पाहायला लागलं की पुढचा रिकामा हात कुणाचा असेल ते सांगता येत नाही. आमचं गाव तसं होऊ नये. रिसॉर्टच्या मागं खरकटं टाकून पाहुण्यांना रात्री टॉर्चच्या उजेडात अस्वल दाखवणारे लोक इकडेही आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, हे थांबवा.

आता करायचं काय, ते सांगते. हे आम्ही रोजच्या कामातून शिकलो आहोत, थोडं वनविभागाच्या माणसांकडून, थोडं वाचून.

सगळ्यांत चांगली जागा पक्की खोली. भिंत विटांची, दार लोखंडी किंवा जाड लाकडाचं, खिडकीला गज. शिबिर गावाजवळ असेल तर ग्रामपंचायतीशी बोला, शाळेतली एखादी रिकामी खोली मिळते, समाजमंदिर मिळतं. वनविभागाच्या विश्रामगृहाजवळ असाल तर तिथलं भांडारघर मागा. रात्री शिधा तिथं कुलपात, सकाळी लागेल तेवढा बाहेर. एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

खोली नसेल तर कोठी. आपल्या घराघरांत ज्वारी-गहू ठेवायला पत्र्याची कोठी असते, तीच. फक्त पत्रा जाड घ्या, झाकणाला दोन बाजूंनी कडी-कोयंडा आणि कुलूप, मागच्या बाजूला एक मजबूत कडा, ज्यातून साखळी घालून ती झाडाच्या बुंध्याला किंवा खांबाला बांधता येईल. परतवाड्यात कुठलाही वेल्डिंगवाला अशी करून देतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. साखळी यासाठी, की अस्वलाला झाकण उघडलं नाही तर ते पेटी लोटत नेतं. कोठी ठेवायची जागा तंबूंपासून निदान शंभर मीटर लांब, आणि संडासच्या वाटेवर नको. अस्वल रात्री आलंच आणि झाकणाशी झटापट करत बसलं तर त्याच्या आणि लेकरांच्या मध्ये अंतर पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. स्वयंपाकाची जागाही तंबूंपासून तितकीच लांब. वारा कुठून वाहतो ते संध्याकाळी पाहून चूल मांडा, वास तंबूंवरून जाऊ नये. विजेची वायर पोचत नाही ही सबब आहे; वायर विकत मिळते.

बंद गाडी ही तिसरी पसंती. काचा पूर्ण वर, डिकी बंद, गाडी तंबूंपासून दूर. यलोस्टोनमध्ये बंद गाडीत अन्न ठेवायला परवानगी आहे, योसेमिटीत रात्री ती नाही, आणि कारण वर लिहिलंच आहे: तिथली अस्वलं शिकली. आपली शिकू नयेत म्हणून गाडीचा आधार एखाद्या रात्रीपुरताच घ्या, त्याच जागेवर हंगामभर नको.

पाठीवर बॅगा घेऊन दोन-चार जण जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना हे लागू होत नाही, कोठी पाठीवर नेता येत नाही. तिकडच्या देशांत यासाठी कडक प्लॅस्टिकचे गोल डबे मिळतात. गुळगुळीत, पकडायला कडा नाही, इतके जाड की अस्वलाच्या जबड्यात बसत नाहीत, आणि झाकण नाण्यानं फिरवून उघडायचं. ते डबे पाळलेल्या अस्वलांपुढं ठेवून तपासतात. मोंटाना राज्यातल्या वेस्ट यलोस्टोन गावी असं केंद्र आहे, तिथं अस्वलांनी साठ मिनिटं खटपट करूनही डबा फुटला नाही तरच तो पास होतो. असा डबा कुणी मागवू शकत असेल तर जरूर मागवा. तो झाडाला टांगायचा नसतो, तंबूपासून लांब, सपाट जमिनीवर ठेवायचा. दरीच्या किंवा पाण्याच्या काठावर नाही, नाहीतर लोटत नेऊन खाली पडतो. डबा नसेल तर शिधा कमी न्या, कोरडा न्या, आणि मुक्कामासाठी शक्यतो वनविभागाची चौकी किंवा गाव गाठा. गावात आमच्यासारखं कुणीतरी जेवण करून देतंच. जेवण आमच्याकडे, झोप तंबूत, असं केलं तर बॅगेत वासाचं काही राहतच नाही.

टांगण्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आजकाल पोरं दोरीनं पिशवी सागाच्या फांदीला बांधतात आणि निश्चिंत झोपतात. अमेरिकेतही पिशवी दहा-बारा फूट उंच आणि बुंध्यापासून चार-सहा फूट लांब असावी असं सांगतात, आणि पोरं टांगतात ती डोक्याएवढ्या उंचीवर, बुंध्याला चिकटून. योसेमिटीत तर आता अन्न टांगायलाच बंदी आहे. शिवाय आपलं अस्वल मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढणारं जनावर. त्याला झाडावरची गोड वस्तू म्हणजे नेहमीचंच काम. रात्री ते आलं नाही तर सकाळी माकडं येतात.

पुरण्याबद्दलही तेच. "खरकटं खड्डा करून पुरलं" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक शिबिरात ऐकते, आणि सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. गावातल्या शेतात, ओल्या कचऱ्याचं खत करायला ते ठीक आहे. जंगलात पुरलेलं अस्वल उकरतं. तीन-चार इंची नखं त्याला त्याच कामासाठी आहेत. दोन फुटांचा खड्डा त्याला काही वेळाचं काम, आणि एकदा तिथं मिळालं की दर वर्षी त्याच माळावर ते शोधत येतं. ओढ्यात टाकणं तर त्याहून वाईट, ते पाणी खालच्या गावांत लोक पितात. खरकटं घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरायचं, तो ड्रम रात्री कोठीत किंवा खोलीत, आणि शिबिर उठताना गाडीबरोबर परत. गावात गुरं आहेत, भाकरी-पोळ्यांचे तुकडे गोठेवाले आनंदानं नेतात. त्यासाठी आधी सांगून ठेवा. शेकोटीवरही फार विश्वास ठेवू नका. शेकोटी रात्री दोन-तीनला विझते, आणि अस्वल तेव्हाच हिंडत असतं. शेकोटीत टाकलेली मक्याची कणसं, हुरड्याची कणसं, सांडलेलं तूप, हे राखेतून दुसऱ्या दिवशीही वास मारतं. राख थंड करून, चाळून तुकडे उचलायचे.

लेकरांच्या बॅगांचं काम सगळ्यांत अवघड आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं. बस थांबल्याबरोबर, तंबूत शिरण्याआधी, प्रत्येकाचा खाऊ गोळा करून नावाच्या चिठ्ठीसह एका पेटीत घ्या. फक्त लाडू-चिवडा नाही. टूथपेस्ट, वासाचा साबण, खोबरेल तेल, बाम, खोकल्याचं गोड औषध, संत्र्याच्या चवीची ओआरएसची पुडी, सगळं. अस्वलाच्या नाकाला खाण्याचं आणि न खाण्याचं आधी कळत नाही, ते तंबू फाडून बघतं. ज्या औषधाची रात्री गरज पडते ते शिक्षकांजवळ घट्ट बंद डबीत राहू द्या. लेकरांना हे नीट समजावलं तर ती ऐकतात. मोठी माणसंच चोरून सुपारी, शेवचिवडा उशाशी ठेवतात, हे आमच्या अनुभवाचं.

बुद्ध पौर्णिमेला प्राणी पाहायला पाणवठ्यावर मचाणात रात्र काढायला जे येतात त्यांनाही हे लागू आहे. डबा वरच बंद करून ठेवा, केळीचं साल, बिस्किटाचा कागद खाली टाकू नका. पाणवठ्यावर अस्वल पाणी प्यायला येणारच आहे, त्याला मचाणाच्या पायथ्याशी थांबायचं कारण देऊ नका.

आता जे सांगते ते पैशाचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय वरचं सगळं कागदावरच राहील. रात्रीचं जेवण साडेनऊला सुरू होतं, कारण त्याआधी तुमचा स्लाइड शो असतो, गाणी असतात. पंगती उठेपर्यंत अकरा. पाण्याचा टँकर तोपर्यंत रिकामा. दिवसभर चुलीपाशी असलेल्या बायांनी अंधारात, थंडीत, पाणी नसताना परात-पातेली घासायची, खरकटं भरायचं, शिधा शंभर मीटर वाहून कोठीत लावायचा. ठरलेल्या दरात फक्त स्वयंपाक असतो, हे काम नसतं. मग भांडी "सकाळी घासू" म्हणून तशीच राहतात, आणि खरकट्या भांड्यांचा ढीग रात्रभर उघड्यावर. यात बायांची हयगय नाही. जेवण अंधार पडायच्या आत, सहा-साडेसहाला करा. भांड्यांसाठी वेगळं पाणी राखून ठेवा. आवराआवर करणाऱ्या दोन माणसांची मजुरी दरात धरा. अस्वलापासून बचावाचा खर्च म्हणून मी जर एकच गोष्ट मागू शकले तर हीच मागेन, कोठीच्याही आधी.

वनाधिकाऱ्यांना माझी विनंती वेगळी आणि छोटी आहे. शिबिराच्या परवानगीचा अर्ज येतो तेव्हा त्यात माणसं किती, गाड्या किती, ओळखपत्रं कुठली हे तुम्ही विचारता. त्याच अर्जात आणखी तीन ओळी घाला: अन्न रात्री कुठे ठेवणार, खरकट्याचं काय करणार, स्वयंपाकाची जागा तंबूंपासून किती लांब. उत्तर नसेल तर परवानगी देऊ नका. वनरक्षकाला पहिल्या संध्याकाळी एक चक्कर मारून ते पाहायला सांगा. जिथं वर्षानुवर्षं त्याच माळावर शिबिरं भरतात तिथं वनविभागानं स्वतःच्या दोन-दोन पक्क्या कोठ्या कायमच्या बसवाव्यात. ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे, म्हणजे वनविभागाबरोबर काम करणाऱ्या गावाच्या समितीकडे, पर्यटनाचे जे पैसे जमतात त्यातून हे होऊ शकतं, आणि ठराव आमच्या ग्रामसभेत आम्ही मांडू. आणि शिबिर उठल्यावर अस्वल त्या जागी येतंय असं गावानं कळवलं तर त्याची नोंद घ्या. वनविभागाच्या हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइनचा १९२६ क्रमांक आम्ही पाठ केला आहे. तो लावल्यावर "नुकसान झालं का?" एवढंच विचारून फोन ठेवला जाऊ नये. नुकसान व्हायच्या आधीच फोन केलेला असतो.

मोठ्या शाळांना, महाविद्यालयांना एक सांगायचं राहिलं. तुम्ही या लेकरांना जंगल शिकवायला आणता. पक्ष्यांची नावं सांगता, झाडाची साल दाखवता, पगमार्कचा साचा करवून घेता. शिधा कोठीत लावण्याचं काम लेकरांकडूनच करवून घ्या, पाळी लावून. कुणाची पाळी असेल त्यानं कुलूप लावायचं, किल्ली शिक्षकांना द्यायची, खाली सांडलेलं टिपून उचलायचं. आमच्याकडे एका शिबिरातल्या आठवीच्या मुलीनं हे काम इतक्या नेटानं केलं की दुसऱ्या दिवशी ती आम्हालाच विचारत होती, "मावशी, कढई पुसून घेतली का? तेलाचा वास येतोय." असं लेकरू घरी जाऊन हे विसरत नाही.

आमच्या गटाकडून आम्ही काय करू शकतो तेही सांगते, म्हणजे सगळं तुमच्यावरच टाकलं असं होणार नाही. या हंगामात गटाच्या बचतीतून आम्ही जाड पत्र्याच्या दोन कोठ्या करून घेत आहोत, साखळी-कुलपासह. आमच्याकडे जेवण लावणाऱ्या शिबिराला त्या भाड्यानं मिळतील, आणि तंबूंपासून लांब, योग्य जागी लावून देण्याचं काम आमचं. डिसेंबरपासून ज्या शिबिराकडे पक्की खोली, कोठी किंवा दुसरी सोय नसेल त्याचं काम आम्ही घेणार नाही, असं गटाच्या बैठकीत ठरलं आहे. आसपासच्या गावांतल्या गटांशीही बोलणं सुरू आहे. तुमच्या तारखा ठरल्या असतील तर पहिल्या फोनलाच, माणसांच्या आकड्याबरोबर, शिधा ठेवण्याची जागा सांगा. जागा नसेल तर तसं सांगा, आठ दिवस आधी येऊन माळ बघून आपण मिळून ठरवू.

आपली,
चिखलदरा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची सदस्य